सोन्याचा उंदीर : जिवंत, की गोठवलेला?

डॉक्टरताई, नमस्कार.

आमचा धाकटा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या पावसाळ्यात त्याने पुण्याच्या एका ओळखीच्या मुलाकडून बॉल पायथन या परदेशी सापाचं पिल्लू आणलं. नाव ठेवलंय सोन्या. सुरुवातीला मी त्या खोलीत पाऊल टाकत नव्हते, आता सवय झाली. ना आवाज, ना घाण, आपला गुंडाळी करून पडलेला असतो. अडचण आहे ती त्याच्या जेवणाची. दर आठवड्याला पोरगा जिवंत पांढरा उंदीर आणून पेटीत सोडतो. त्याचे मित्र मोबाईल घेऊन बघायला जमतात. माझ्या सासूबाई माळकरी. त्या उंदराचं चीं चीं त्यांना पलीकडच्या खोलीत ऐकू येतं आणि त्या जेवणावरून उठतात. मागच्या एकादशीला तर दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही.

एकदा पोराने मेलेला उंदीर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेमागे लपवला. तो सासूबाईंच्याच हाताला लागला. त्यानंतर चार दिवस त्यांनी फ्रीजमधलं काही तोंडात घातलं नाही. एवढं करून सोन्याने तो उंदीर हुंगलाही नाही. पोरगा म्हणतो, साप शिकार करूनच खातो, मेलेलं खात नाही. हे म्हणतात, मटणाचे तुकडे घाल, झालं. शेजारचा एकजण गुळाच्या गोदामातले उंदीर फुकट आणून देतो म्हणतोय.

आता दोन आठवडे सोन्या जिवंत उंदीरही घेत नाही. परवा रात्री उंदीर पेटीत तसाच राहिला आणि सकाळी बघतो तर सोन्याच्या पाठीवर दोन जखमा. पोरगा रडवेला झाला. काय करावं?
– एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

---

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि पहिल्यांदा जखमेबद्दलच लिहिते, कारण बाकी सगळं दोन दिवस थांबू शकतं.

पेटीतला नारळाचा भुसा आजच काढा आणि त्या जागी साधा पांढरा टिश्यू पेपर अंथरा, म्हणजे जखमेत कण जाणार नाहीत आणि रक्त किंवा पू आला तर लगेच दिसेल. औषधाच्या दुकानात मिळणारं पोव्हिडोन आयोडीन कोऱ्या, फिकट चहाच्या रंगाचं होईपर्यंत पाण्यात पातळ करा. त्यात भिजवलेल्या कापसाने जखम दिवसातून एकदा हलक्या हाताने पुसा. हळद, तूप, घरातली दुखण्याची मलमं, यातलं काही लावू नका. पाण्याचं भांडं पिण्यापुरतं लहान ठेवा, जखम भरेपर्यंत त्याला त्यात बसून राहता येऊ नये. जखमेतून पांढरं काही दिसत असेल, कडा सुजल्या असतील किंवा वास येत असेल तर घरी थांबू नका. आपल्याकडचे बरेच डॉक्टर गाईम्हशी आणि कुत्री-मांजरं बघणारे. त्यामुळे आधी फोन करून "साप बघता का?" एवढं स्पष्ट विचारा आणि मगच त्याला उशीच्या अभ्र्यात घालून घेऊन जा.

अभ्र्याचं सांगितलं, कारण माझ्याकडे उंदराने चावलेला पहिला बॉल पायथन असाच अभ्र्यात आला होता. त्या मुलाने रात्री उंदीर सोडला, साप काही घेईना, म्हणून "खाईल सकाळपर्यंत" म्हणत झोपून गेला. मी अभ्र्याची गाठ सोडली तेव्हा पिल्लू घट्ट चेंडू करून बसलेलं होतं. डोकं आत, पाठ बाहेर. भीती वाटली की हे साप असेच बसतात, बॉल हे नाव त्यावरूनच पडलं. ते पळालं नव्हतं, उलटून चावलं नव्हतं, फक्त अंग आवळून बसलं होतं, आणि उंदराने रात्रभर त्याची पाठ कुरतडली होती. रुपयाएवढ्या जागेत कातडी नव्हती आणि तळाशी मणका दिसत होता. ते पिल्लू वाचलं, पण तीन महिने लागले. त्या आधी जिवंत उंदराबद्दल कोणी विचारलं तर "लक्ष ठेवा म्हणजे झालं" एवढंच मी सांगायचे. त्या दिवसापासून तसं सांगत नाही.

म्हणून तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर सरळ देते. सोन्याला जिवंत उंदीर देणं बंद करा. मारून गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, गरम करून द्या. हे सोन्याच्या भल्याचं आहे, उंदराच्याही भल्याचं आहे, आणि सासूबाई जे बोलतायत ते यात मुळीच अडाणीपणाचं नाही.

आता पोराच्या म्हणण्याकडे येते. साप शिकार करूनच खातो, हे त्याचं म्हणणं रानातल्या सापाबद्दल बहुतांशी बरोबर आहे. पण रानात सापाला पळायला जागा असते. उंदराला बीळ असतं. दोन फुटांच्या पेटीत दोघांनाही पळता येत नाही. भुकेला, घाबरलेला उंदीर आणि खायची इच्छा नसलेला साप एकत्र कोंडले तर काय होतं ते तुम्ही परवा सकाळी बघितलंत. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, लाकूड आणि वायर कुरतडतात. सापाची कातडी त्यापुढे काहीच नाही. डोळ्याला चावा बसला तर डोळा जातो.

आणि मेलेलं खात नाही म्हणाल, तर त्याने तो उंदीर फ्रीजरमधून काढून थंडगारच पेटीत टाकला असणार. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठांनी हेच केलेलं असतं. उद्या सोन्याला उजेडात धरून त्याचा वरचा ओठ नीट बघायला सांगा. ओठाच्या कडेला बारीक खळग्यांची एक रांग दिसेल, सुईच्या टोकाने टोचल्यासारखी. ते खळगे म्हणजे त्याचं उष्णता जाणण्याचं इंद्रिय. अंधारात गरम रक्ताचा प्राणी कुठे आहे हे त्याला त्यावरून कळतं. थंड उंदीर त्याच्या लेखी दगडासारखा. त्याला वासही धड येत नाही, कारण गार मांसाचा वास उठत नाही. म्हणजे सोन्याने मेलेला उंदीर नाकारला नाही, त्याला तो उंदीर आहे हे कळलंच नाही.

पण त्याही आधीची गोष्ट थंडीची आहे. दोन आठवडे तो जिवंत उंदीरही घेत नाही असं लिहिलंत, आणि पत्र जानेवारीतलं आहे. कोल्हापुरात या दिवसांत रात्री पारा चौदा-पंधरावर येतो. जुन्या दगडी घरात तर फरशीला पाय लावायची सोय नसते. सोन्याची जात पश्चिम आफ्रिकेतली. घाना, टोगो, बेनिन या उष्ण प्रदेशातली. त्याचं अंग स्वतःची ऊब तयार करत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते, आणि ऊब नसेल तर पोटातलं अन्न पचत नाही, ते आत कुजतं. म्हणून गारठलेला साप खात नाही. हट्ट म्हणून नव्हे, शहाणपण म्हणून.

पेटीची एक बाजू 31 ते 33 अंश आणि दुसरी 25 ते 27 अंश असायला हवी, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येतं. दोन्ही बाजूंना लपायला एकेक घट्ट जागा हवी. उलटी ठेवलेली मातीची छोटी कुंडी, बाजूने तोंड फोडून कडा घासलेली, उत्तम चालते. उष्णतेसाठी पेटीखाली लावायची हीटिंग मॅट मिळते. ती थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज आपोआप बंद करणाऱ्या उपकरणाशिवाय, लावू नका. थर्मोस्टॅट नसलेल्या मॅटने पोट भाजलेले साप मी बघितलेत, आणि साप भाजत असताना जागचा हलतोच असं नाही. पेटीच्या आत उघडा बल्ब नको, बाजारात मिळणारे गरम होणारे दगडही नकोत. जाणारी वीज ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. तेव्हा पेटीवर गोधडी टाका, हवेला थोडी फट ठेवा, आणि गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून बाहेरून टेकवा. ओलावा 55 ते 70 टक्के हवा. पावसाळ्यात तो आपोआप असतो, या दिवसांत एका कुंडीत ओलसर शेवाळ ठेवावं लागतं. आणि एक साधा तापमापक पेटीत पाहिजेच, हाताने अंदाज घेऊ नका.

आठवडाभर हे नीट ठेवा. त्या आठवड्यात त्याला काही देऊ नका, हातातही घेऊ नका. जखमेचं पुसणं तेवढं करा.

मग उंदीर. आधी मापाचं सांगते, कारण चावण्याचं एक कारण तेही असणार. पोराला घरातल्या स्वयंपाकाच्या काट्यावर नाही, त्यासाठी घेतलेल्या वेगळ्या छोट्या काट्यावर सोन्याला वजन करायला सांगा, झाकणाच्या डब्यात घालून. पिल्लाला त्याच्या वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के वजनाचा उंदीर पुरतो. सोन्या 200 ग्रॅमचा असेल तर 20 ते 30 ग्रॅमचा. दुसरी खूण डोळ्याने बघायची. उंदराची जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी, फार तर किंचित जास्त. खाऊन झाल्यावर पोटाला हलका फुगवटा दिसावा, गाठ उठू नये. या वयात आठवड्यातून एकदा पुरे. दुकानदार "मोठा घे, लवकर वाढेल" म्हणतो तेव्हा ऐकू नका. मोठा घास ओकला जातो, आणि ओकलं की दहा ते चौदा दिवस पोटाला पूर्ण विश्रांती देऊन पुन्हा लहान घासापासून सुरुवात करावी लागते.

उंदीर कुठून आणायचा आणि तो कसा मेला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुष्कळ पोरं "फ्रोझन" म्हणजे जिवंत उंदीर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवणं असं समजतात. कृपा करून असं करू नका. तो हळूहळू गारठून मरतो, आणि डोळेही न उघडलेली तांबूस पिल्लं तर आणखी जास्त वेळ तग धरतात. आपण ज्या यातना वाचवायला निघालो त्याच दारामागे नेऊन ठेवतो. पाण्यात बुडवणं, फरशीवर आपटणं हेही नाही. जाणती माणसं कार्बन डायऑक्साइड वायूने आधी बेशुद्ध करून मारतात, किंवा हात बसलेला माणूस क्षणात मान मोडतो. पोराला हे घरी करायला लावू नका. जिथून उंदीर आणतो तिथे "कसा मारता?" हे विचारू दे, आणि समाधानकारक उत्तर देणाऱ्याकडूनच, त्याच्याच हातून मारून घेऊ दे. साप पाळायचा तर हा प्रश्न विचारायची हिंमत पाळणाऱ्यात हवी.

शेजाऱ्याचे गोदामातले उंदीर अजिबात नकोत. फुकट असले तरी नकोत. गुळाची गोदामं असोत की उसाचा फड, आपल्या भागात उंदरांसाठी सर्रास विष ठेवतात. झिंक फॉस्फाइड किंवा रक्त गोठू न देणारी औषधं. तसं खाऊन झिंगलेला उंदीरच सहज हाताला लागतो, आणि त्याच्या पोटातलं विष सापाच्या पोटात जातं. शिवाय जंत, आणि पकडणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदराच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, भीती. पिंजऱ्यात वाढवलेला पांढरा उंदीरच हवा.

आणि यजमानांना सांगा, मटणाचे तुकडे हा साप ओळखणार नाही, आणि ओळखले तरी ते पुरणार नाहीत. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं. त्यावर वाढलेल्या पिल्लाची हाडं नरम पडतात, मणका वाकतो. अख्ख्या उंदरात हाडं आली, काळीज आलं, आतडी आली. सापाला लागतं ते सगळं त्या एका घासात आहे, म्हणूनच त्याला वेगळा भाजीपाला किंवा दूध लागत नाही. (दुधाचं मुद्दाम लिहिलं, कारण कोणी तरी आणून ठेवेलच. साप दूध पित नाही, पचवतही नाही. नागपंचमीला तहानेने व्याकूळ केलेल्या नागापुढे दूध ठेवतात म्हणून तो ते पितो.)

आता तुमच्या घरातला खरा पेच. जिवंत उंदराचं ओरडणं सासूबाईंना सोसवत नाही, आणि मेलेला उंदीर त्यांच्या फ्रीजमध्ये ठेवता येत नाही. यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. गळ्यात माळ असलेल्या बाईच्या फ्रीजमध्ये, दूध-दह्याशेजारी, न सांगता मेलेला उंदीर ठेवणं ही चूकच होती, आणि पोराने जाऊन त्यांची माफी मागावी. नियम म्हणूनही ते चूक होतं. गोठवल्याने साल्मोनेला नावाचा जंतू मरत नाही. उंदरावर तो असू शकतो, सापाच्या विष्ठेत आणि अंगावरही असतो. म्हातारी माणसं आणि पाच वर्षांखालची मुलं यांना त्याचा जुलाब-ताप जास्त बाधतो. म्हणून सापाचं अन्न घरच्या फ्रीजमध्ये कधीच नको, घर माळकरी असो वा नसो.

मग दोन वाटा आहेत. पोराने स्वतःच्या पैशातून एक लहान फ्रीजर घ्यावा, जुना चालेल, आणि तो त्याच्याच खोलीत ठेवावा. उणे 18 अंशांवर, एकेक उंदीर वेगळ्या पिशवीत, ते सगळं झाकणाच्या डब्यात. दोनतीन महिन्यांचा साठा पुरे. किंवा तेवढे पैसे नसतील तर आठवड्याला एक उंदीर दुकानातूनच मारून आणायचा आणि त्याच संध्याकाळी द्यायचा, साठवायचं काही नाही. दोन्हींत घरात चीं चीं नाही. आणि खाऊ घालायचा वार ठरवताना पंचांग बघा. सोन्याला दोन दिवस मागे-पुढे झालं तरी काही होत नाही, एकादशी तेवढी टाळा.

गरम कसं करायचं ते पोरासाठी नीट लिहिते. हे पान त्याला द्या.

दिवस मावळल्यावर सुरू कर, कारण हा साप रात्रीचा. उंदीर बंद पिशवीत तसाच ठेवून गार पाण्याच्या जुन्या बादलीत सोड. तासा-दीड तासाने पिशवीवरून पोट दाबून बघ. बाहेरून मऊ आणि आत खडा लागत असेल तर अजून बर्फ आहे, थांब. अर्धवट वितळलेला उंदीर सापाच्या पोटाला बाधतो. पूर्ण मऊ झाला की अंघोळीच्या पाण्याइतक्या गरम पाण्यात पिशवीसकट पंधरा-वीस मिनिटं ठेव. उकळतं पाणी नको, पोट फुटतं. मायक्रोवेव्ह तर नकोच, कुठे शिजतो आणि कुठे गार राहतो. पिशवीतून काढून जुन्या फडक्याने कोरडा कर, मग फक्त डोकं जरा जास्त गरम पाण्यात मिनिटभर बुडवून पूस. हाताला आपल्या अंगापेक्षा किंचित गरम लागायला हवा, म्हणजे 38 ते 40 अंश. ही बादली, फडकं, चिमटा यातलं काही स्वयंपाकघरात जाणार नाही, तिथल्या सिंकमध्ये धुवायचंही नाही. हात साबणाने धू, दर वेळी.

खोलीतला दिवा बंद कर, बाहेरचा थोडा उजेड येऊ दे. फूटभर लांब चिमट्याने उंदराला कमरेजवळ धर आणि सोन्याच्या लपायच्या कुंडीच्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर, डोकं त्याच्याकडे करून ने. नाकावर नेऊन आपटू नकोस. थोडा हलव, थांब, पुन्हा हलव. जीभ भराभर बाहेर येऊ लागली आणि मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे गेली की अजिबात हलू नकोस. तो झेप घालेल आणि विळखा घालेल, उंदीर मेलेला असला तरी. विळखा पडला की शेपटीला चिमट्याने एकदा-दोनदा हलका हिसका दे, म्हणजे त्याची पकड घट्ट होते आणि तो सोडून देत नाही. मग चिमटा काढ आणि खोलीतून बाहेर जा. गिळण्याआधी उंदराचं डोकं शोधायला त्याला पाच मिनिटं लागतील, कधी वीस.

घेतला नाही, तर उंदीर एका छोट्या झाकणावर ठेवून कुंडीच्या तोंडाशी ठेव, पेटी फडक्याने झाक आणि झोप. सकाळी तसाच असेल तर कागदात गुंडाळून टाक. परत गोठवायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करायचा नाही, पूर्ण सात दिवस थांबायचं. रोज समोर नाचवलेल्या उंदराला पिल्लू भिऊ लागतं. दुसऱ्या खेपेलाही नाही घेतला, तर तिसऱ्या खेपेला दुकानातून नुकताच मारलेला, अजून ऊब असलेला आणून दे. तो घेतला की पुढच्या वेळी गोठवलेला उंदीर वितळवून पिंजऱ्यातल्या उंदरांच्या अंथरुणातला भुसा त्याला चोळून दे, वास ओळखीचा वाटतो. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हातात घ्यायचं नाही.

एका वहीत तारीख, वजन, उंदराचं वजन, घेतला की नाही, कात कधी टाकली, एवढं लिहित जा. बॉल पायथन उपाशी राहण्यात पटाईत असतात, मोठे तर महिनोन्महिने राहतात आणि काही होत नाही. पिल्लाच्या अंगात तेवढा साठा नसतो. वजन दहाव्या हिश्श्याहून जास्त उतरलं, किंवा पाठीचा कणा धारेसारखा वर दिसायला लागला, किंवा तोंडातून चिकट लाळ येऊन श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर डॉक्टरकडेच. डोळे निळसर-दुधाळ झाले असतील तर मात्र तो कात टाकणार आहे, तेव्हा खात नाही, आणि त्याला खायला लावूही नये.

मित्रांना एक निरोप दे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 मध्ये, केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला कोंडून दुसऱ्या प्राण्याची शिकार बनवणं हा गुन्हा लिहिलेला आहे. मोबाईलसमोर जिवंत उंदीर सोडणं त्याच्या फार जवळ जातं. कायदा बाजूला ठेवला तरी, चार जणांच्या हुल्लडीत आणि मोबाईलच्या झगमगाटात तो साप खाणार कसा? तो लाजाळू आहे.

पोरासाठीचं पान इथे संपलं. ताई, पुन्हा तुमच्याशी.

कागदपत्रांचं एकदा बघून घ्या. बॉल पायथन हा परदेशी साप, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जातींच्या यादीत तो येतो. वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंद बंधनकारक झाली आणि 2024 मध्ये त्याचे नियम आले. केंद्राच्या परिवेश नावाच्या पोर्टलवर ती नोंद होते. पुण्याच्या त्या मुलाने त्याच्या नावावर ती केली होती का आणि सोन्या तुमच्या पोराला दिल्याची नोंद झाली का, हे विचारून घ्या. नसेल तर जिल्ह्याच्या वन कार्यालयात जाऊन विचारा, लपवू नका. आणि शेतात सापडलेला आपला अजगर, धामण, कुठलाही देशी साप घरी ठेवता येत नाही, हे पोराच्या मित्रांनाही सांगा. एकाच्या घरात साप आला की बाकीच्यांना हौस सुटते.

आणखी एक विचारते, रागावू नका. हा साप वीस-तीस वर्षं जगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने 2020 मध्ये अंडी घातली, तेव्हा तिचं वय बासष्टच्या आसपास होतं. पोरगा दोन वर्षांनी नोकरीला पुण्याला किंवा बेंगळुरूला जाईल. सोन्या त्याच्याबरोबर जाणार, की तुमच्यावर पडणार? चिमटा हातात धरायची तुमची तयारी आहे का? हे त्याच्याशी आत्ताच बोला. सोडून देणं हा पर्याय नाही. रंकाळ्याच्या काठाला किंवा पन्हाळ्याच्या रानात सोडला तर बहुधा पहिल्याच थंडीत मरेल.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना हेही सांगा, की सोन्याला उंदराशिवाय जगता येत नाही, तो तसाच जन्मला आहे, त्यामुळे उंदराचा जीव वाचवू असं मी म्हणू शकत नाही. त्याचं भ्यायलेलं ओरडणं मात्र या घरातून नक्की जाईल. त्या आवाजाने त्यांचं जेवण सुटलं, म्हणून तर तुम्ही पत्र लिहिलंत.

जखम भरली तरी तिथे खवल्यांवर डाग राहील. दर कातीला तो थोडा थोडा पुसट होत जातो. पुढची कात टाकली की कळवा, आणि पत्रात वहीतलं सोन्याचं वजन लिहायला विसरू नका.